डोक्यावरचा खंड्या

या, असे जवळ या. दाराशी उभे आहात त्यांनीही पुढे सरका. माणूस सरकला की जागा होतेच. आज तुम्हाला एक गोष्ट सांगतो. देवाच्या कथा गाऊन सांगणाऱ्यांच्या पायाशी बसण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं आहे, त्यामुळे गोष्ट कुठे सुरू करावी ते मला कळतं. कुठे थांबवावी ते आमच्या हिला कळतं. ती आतून खाकरली की मी आवरतं घेईन.

आता पहिलंच वाक्य बढाईचं आहे, तेवढं सोसून घ्या. या शहरात जितक्या घरांत माझी चित्रं लागली आहेत, तितकी दुसऱ्या कुणाचीही लागलेली नाहीत! तुमच्याही घरात असेल एखादं, दिवाणखान्यात, काचेखाली. फक्त त्या चित्राच्या पुढे कुणीतरी उभं असतं. तुमची मावशी, तुमचे काका, नाहीतर दात पडलेलं तुमचं शेंडेफळ. मी त्यांच्या मागे असतो. मी फोटो स्टुडिओचे पडदे रंगवतो.

मागचं ते तळं माझं. तळ्याकाठचा जिना माझा, जो कुठेही जात नाही. संगमरवरी खांब माझे, डोंगरावरचं धुकंही माझंच. लोक माझ्या तळ्याकाठी उभे राहून फोटो काढून घेतात आणि घरी जाऊन विचारतात, "माझे डोळे मिटलेत का गं?" तळ्याबद्दल आजवर कुणी चकार शब्द काढलेला नाही.

मला त्याचं वाईट वाटत नसे. देव रोज संध्याकाळी एवढं आभाळ रंगवतो आणि कोपऱ्यात सही करत नाही, मग आपण कोण टिकोजीराव, असं मी म्हणायचो. पडद्यांचं काम येत असतं तोवर असं म्हणायला फार बरं वाटतं.

काम देणारा आता एकच उरला होता. आमच्या भागातला फोटोवाला. त्याला सगळे हनुवटीवाला म्हणतात, कारण कॅमेऱ्यामागे गेला की त्याला माणसाची हनुवटी सोडून काही दिसत नाही. "थोडी वर. फार झाली. खाली. जराशी डावीकडे. आता तिथेच ठेवा." हनुवटी साधली की उरलेला माणूस आपोआप येतो, असं त्याचं ठाम मत. भुवयांच्या वर काय असतं याची त्याने उभ्या जन्मात चौकशी केलेली नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एके दिवशी मी नव्या पडद्याचं माप घ्यायला गेलो, तर हा टेबलावर कापडाचे नमुने पसरून बसलेला. छापील पडदे! मशिनीतून निघालेले.

"बसा, पडदेवाले," तो म्हणाला.

एरवी तो मला उभ्या उभ्या कटवतो. बसा म्हटल्यावरच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

"वाईट वाटून घेऊ नका. पण हे बघा. धुता येतं, घडी पडत नाही, आणि हवा तो देखावा."

"यातलं तळं सपाट आहे," मी म्हणालो.

"गिऱ्हाईक काय पोहायला उतरतंय का त्यात?"

"माझ्या तळ्याला खोली आहे."

"असेल हो. पण मला एक सांगा. इतक्या वर्षांत एका तरी गिऱ्हाइकानं दारात येऊन म्हटलंय, की मला यांच्याच पडद्यापुढे बसायचंय?"

मी मापाची पट्टी गुंडाळायला लागलो.

"मी काही वाईट माणूस नाही," तो नरमाईनं म्हणाला. "हा एक पडदा रंगवून द्या. तो टांगलेला असेपर्यंत एक जरी गिऱ्हाईक तुमचा पडदा मागत आलं, तर हे नमुने आल्या पावली परत पाठवतो. नाही आलं, तर पुढच्या हंगामापासून मशिन."

घरी आलो तो पडलेला चेहरा घेऊनच. घरात आमची भाची आलेली होती. ती जाहिरातीच्या कंपनीत आहे. साबणाला, बँकेला, बिस्किटांना ओळख मिळवून देते. सगळं ऐकून तिने चहाचा कप खाली ठेवला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"मामा, तुमचं काम उत्तम आहे. पण तुम्हाला पर्सनल ब्रँड नाही."

"म्हणजे काय नाही?"

"म्हणजे असं बघा. तुमचं नाव घेतलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काय येतं?"

"माझं नाव घेतो कोण?"

"तेच तर!"

"माझ्या डोळ्यांसमोर येतं की," आमची ही आतून म्हणाली. "बेसिनमध्ये भिजत घातलेले ब्रश."

"मामी, थांब गं. मामा, कलाकाराला आजकाल नुसती कला पुरत नाही. त्याचा एक रंग लागतो, एक वाक्य लागतं, आणि एक चिन्ह. लांबून दिसलं की कळलं पाहिजे, हे यांचं."

खरं सांगतो मंडळी, मला ते पटलं. आयुष्यभर लोकांच्या पाठीमागे उभा राहिलेला माणूस मी. पुढे ये म्हणणारं कुणी भेटलं की पाय आपोआप उचलतात.

वाक्य मला अंघोळ करताना सुचलं. 'सदैव तुमच्या पाठीशी.' पडदेवाल्याला याहून नेमकं वाक्य देवानं तरी काय दिलं असतं? भाचीने टाळ्या वाजवल्या. अडलं ते चिन्हाशी.

"सजीव काहीतरी हवं," भाची म्हणाली. "खांब नको, जिना नको. लोकांना डोळे असलेली गोष्ट लक्षात राहते."

इथे माझं दुखणं होतं. देवानं माझ्या हाताला पाणी दिलं, दगड दिला, धुकं दिलं; रक्त असलेलं काही दिलं नाही. म्हणून तर माझ्या तळ्यात कधी मासा नसतो आणि बागेत कधी ससा नसतो. तरी मी हिय्या करून बसलो. अख्खा दिवस पक्षी काढले. संध्याकाळी ही येऊन पाठीमागे उभी राहिली.

"ही किटली छान आलीय," ती म्हणाली.

"बदक आहे ते."

"मग हे काय? याला कान आहेत."

"ते घुबड."

"आणि ही इस्त्री?"

मी कागद उलटे केले.

ती वळून आत गेली. गॅसवर दूध ठेवलेलं होतं, आणि दुधापाशी उभं राहावं लागतं. तेवढ्या वेळात तिने पावाच्या पिशवीच्या कागदावर पेन्सिलीने काहीतरी केलं आणि मला आणून दिलं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागचा कालवा दिसतो. कालव्यावरून एक पाइप गेलाय, आणि त्या पाइपावर रोज सकाळी एक खंड्या येऊन बसतो. निळी पाठ, तांबूस पोट, अंगापेक्षा चोच मोठी. ही भांडी घासते आणि तो पाण्यात बघतो, असा दोघांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. तोच खंड्या कागदावर होता! मान वाकवलेली, चोच खाली रोखलेली, एक डोळा असा, की खाली काहीतरी हललंय आणि आता हा झेप घेणार.

"कधी शिकलीस?" मी विचारलं.

"शिकायचं काय त्यात? तो रोज तसाच बसतो," ती म्हणाली आणि दूध उतू गेलं.

आता तो पडद्यावर उतरवायचा होता. मी उतरवला. त्याला घोड्याचा चेहरा आला. पुसला, पुन्हा उतरवला. या वेळी घोडा दुःखी होता. शेवटी हीच पदर खोचून स्टुलावर चढली आणि मी खालून स्टूल धरून "सांभाळ, सांभाळ" म्हणत राहिलो. तिने पक्षी रंगवला आणि उतरली. ती हात धुवायला गेल्यावर मी बारीक ब्रश घेतला आणि शेपटीचं टोक केसभर वर उचललं. झालं! पक्षी माझा झाला.

पण जागा, मंडळी, जागा मात्र पूर्ण माझी. ती अक्कल माझी होती. कोपऱ्यात सही केली तर फोटोत कापली जाते. मध्ये केली तर माणसामागे झाकली जाते. पण इतकी वर्षं पडदे रंगवणाऱ्याला एक गोष्ट तोंडपाठ असते, ती म्हणजे स्टुडिओच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचं डोकं पडद्यावर नेमकं कुठे येतं. मी पक्षी बरोबर मधोमध घ्यायला लावला होता, डोक्यामागे झाकला जाणार नाही इतका वर, आणि चौकटीबाहेर जाणार नाही इतका खाली. त्याला बसायला तळ्यावर झुकलेली एक फांदीही मी काढली, पण अगदी फिकट, धुक्यासारखी. फांदीनं पक्ष्याच्या पुढे पुढे करू नये म्हणून.

माझं माप चुकत नाही. तेव्हाही चुकलं नाही. तीच तर गोची झाली.

पडदा टांगून झाला. हनुवटीवाल्याने खालून वर पाहिलं, "पक्षी बरा आहे," म्हणाला आणि हनुवट्यांकडे वळला. माझी कार्डं छापून आली, त्यांवर खंड्या, खाली वाक्य. भाचीने माझ्यासाठी निळा कोट आणला आणि गळ्यात तांबूस मफलर घातला.

"ब्रँड म्हणजे तुम्ही स्वतः, मामा. लांबून दिसलं पाहिजे."

मी आरशात पाहिलं. माझं नाक आधीच लांब आहे.

"फक्त शेपटी राहिली," ही म्हणाली.

मग वाट पाहणं सुरू झालं. स्टुडिओच्या समोरच्या फुटपाथवर मी काही ना काही कारणानं जात राहिलो. गिऱ्हाइकं जायची, बसायची, हनुवट्या उचलायची आणि निघून जायची. फोटो बाहेर छापायला जायचे, एकदम गठ्ठ्यानं यायचे आणि बंद पाकिटातच घरी जायचे. कुणी माझ्या पडद्याचं नाव काढलं नाही. रात्री देवापुढे हात जोडले की मी म्हणायचो, "बाबा रे, फक्त एक गिऱ्हाईक पाठव." माझा देव मोठ्या मनाचा आहे. मागितलेल्यापेक्षा थोडं जास्तच देतो.

एका सकाळी हनुवटीवाल्याचा फोन आला. "पडदेवाले, असाल तसे या. इथे माणसं जमली आहेत. सगळे एकच विचारतायत, तो पक्षी कुणाचा."

मी फोन ठेवला आणि हिच्याकडे पाहिलं. माझे डोळे भरून आले होते.

"विचारतायत," मी म्हणालो. "पक्षी कुणाचा म्हणून. सगळे!"

"कुठल्या आवाजात म्हणाला?" हिने विचारलं.

"भारावलेल्या."

"तो कधी भारावतो का? मीही येते."

"अगं, तू कशाला? माझ्या कामाचं आहे."

"म्हणूनच येते," ती म्हणाली आणि चपला शोधायला लागली. मला थांबवेना. मी कोट चढवला, मफलर गुंडाळला, कार्डांचा गठ्ठा खिशात घातला आणि पुढे निघालो. रस्ता असा वाटत होता जणू माझ्यासाठीच झाडून ठेवलाय.

स्टुडिओत खरोखरच गर्दी होती. मी दारात पाऊल टाकलं मात्र, सगळ्या माना एकदम वळल्या. मला ओळख करून द्यावी लागली नाही! निळा कोट, तांबूस गळा, लांब नाक. भाची म्हणाली होती तसंच झालं, लांबून कळलं.

"हाच तो," कुणीतरी म्हणालं.

"तो पक्षी तुमचा?" एका उंच, टकल्या गृहस्थांनी विचारलं. ते निवृत्त न्यायाधीश होते. आवाजावरून मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"माझा!" मी छाती फुगवून म्हणालो. "संपूर्ण माझा. कल्पना माझी, जागा माझी. जागेबद्दल तर मी विशेष मेहनत घेतली आहे." आणि कार्डं वाटत सुटलो. "घ्या, घ्या. पत्ता मागच्या बाजूला आहे. कधीही या."

"पत्ताही दिलाय," एक बाई म्हणाल्या. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांनी कार्ड पर्समध्ये असं ठेवलं, जसं मुलांकडून जप्त केलेली वस्तू ठेवतात.

न्यायाधीशांनी शांतपणे पाकिटातून फोटो काढला आणि माझ्यासमोर धरला.

मंडळी, मी काय सांगू? स्टुडिओच्या दिव्यांच्या झोतात माझी फिकट फांदी पार उडून गेली होती. तळं होतं, धुकं होतं, गंभीर मुद्रेने बसलेले न्यायाधीश होते, हनुवटी तर नुसती कोरून काढलेली. आणि त्यांच्या चकचकीत टकलाच्या बरोबर मध्यावर, पाय रोवून, खंड्या बसला होता. एका केसाचंही अंतर नाही. मान वाकवून, चोच खाली रोखून तो टकलात पाहत होता. एखाद्या संथ, गोल, निर्मळ तळ्यात पाहावं तसा. आत काहीतरी हललंय आणि आता हा झेप घेणार.

"छत्तीस वर्षं मी निकाल दिले," न्यायाधीश म्हणाले. "माझ्या डोक्यात काय चाललंय हे कुणी असं वाकून पाहिलं नव्हतं."

"माझा फोटो शाळेच्या हॉलमध्ये लागणार होता," मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्यांच्या अंबाड्यात खंड्या अशा थाटात बसला होता, की घरटं त्याचंच आणि बाई भाडेकरू.

एक नवविवाहित जोडपं होतं. दोघं खेटून बसले होते, पण पक्षी नवऱ्याच्या डोक्यावर होता.

"माझ्या आईने फोटो पाहिला," नवरी म्हणाली, "आणि म्हणाली, बघ, पक्ष्यालासुद्धा कळलं कुणाचं डोकं रिकामं आहे ते."

"तुझी आई काहीही बोलते," नवरा म्हणाला.

"तरी मी तिला म्हटलं, चुकून बसला असेल."

न्यायाधीशांनी हातातलं माझं कार्ड मोठ्यानं वाचलं. "सदैव तुमच्या पाठीशी." मग माझ्याकडे पाहिलं. "पाठीशी राहतो म्हणालात, आणि डोक्यावर बसवलात?"

हनुवटीवाला कोपऱ्यात कपाळाला हात लावून उभा होता. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कपाळ सापडलं होतं. "सगळ्यांचे फोटो पुन्हा काढून द्यावे लागणार," तो पुटपुटला. "फुकट. आणि मशिनचे पडदे आजच मागवतो."

त्या क्षणी माझी काय अवस्था झाली असेल, कल्पना करा. पडदा जाणार, काम जाणार, उरणार फक्त निळा कोट. आणि घाबरलेला माणूस काय करतो? जवळ जे सापडेल ते पुढे ढकलतो. नेमकी त्याच क्षणी ही धापा टाकत दारात आली.

"पक्षी माझा नाही!" मी ओरडलो. "मला पक्षी येतच नाहीत, विचारा कुणालाही. मी फक्त तळं केलं. पक्षी बायकोनं काढलाय. ही काय, आलीच."

सगळ्या माना हिच्याकडे वळल्या. हिने माझ्याकडे पाहिलं. फार काही नाही, लग्नाला बरीच वर्षं झाली की जसं पाहतात, तसं. मग पुढे आली, न्यायाधीशांच्या हातातला फोटो घेऊन नीट पाहिला, आणि म्हणाली,

"हो. मीच काढलाय. बसलाय मात्र छान."

न्यायाधीशांनी नकळत टकलावरून हात फिरवला.

"पुसून टाका तो," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता."

मी धावतच गेलो. मागे पांढऱ्या रंगाचा डबा होता, ब्रश होता. स्टूल ओढलं, वर चढलो. खंड्या माझ्या नाकासमोर आला. मी ब्रश उचलला. ही खाली येऊन स्टूल धरून उभी राहिली. तिच्या मनात त्या वेळी काय असेल? रोज सकाळी कालव्यावर येणारा तिचा सोबती होता तो. आणि मी, ज्याने शेपटीच्या टोकापुरता तो स्वतःचा करून घेतला होता, तोच आता ब्रश घेऊन वर उभा.

"थांबा," दारातून आवाज आला.

एक म्हातारे गृहस्थ आत येत होते. काठी टेकत, सुनेचा हात धरून. मी त्यांना ओळखत होतो, सगळेच ओळखतात. घड्याळं दुरुस्त करायचे. बायको गेल्यापासून कुणी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. लोक म्हणायचे, यांच्या तोंडावरचे काटेच थांबलेत.

"पक्ष्याला हात लावू नका," घड्याळजी म्हणाले. "मी त्याच्यासाठीच आलोय."

सून हनुवटीवाल्याकडे वळली. "मागच्या आठवड्यात बाबांचा फोटो काढून नेला ना, त्याबद्दल..."

"तुमचाही पुन्हा काढून देतो, फुकट," तो घाईनं म्हणाला.

"अहो, नको," ती म्हणाली. "ऐका तर."

"मी सांगतो," घड्याळजी खुर्चीत बसत म्हणाले. "मुलगा म्हणाला, बाबा, एक चांगला फोटो काढून घेऊ या. चांगला फोटो! माझ्या वयाच्या माणसाचा चांगला फोटो कशासाठी काढतात ते काय मला कळत नाही? उद्या भिंतीवर टांगायला. सगळ्यांनी त्याच्याकडे बघून डोळे पुसायला. मी म्हटलं, काढा. बसलो जाऊन मढ्यासारखा. आणि परवा पाकीट उघडलं..."

त्यांनी खिशातून फोटो काढला. कोट, टाय, दगडासारखा चेहरा. आणि डोक्यावर खंड्या, वाकून बघतोय की हे यंत्र आतून चालू आहे की बंद.

"असा हसलो," ते म्हणाले, "असा हसलो, की सून पाणी घेऊन धावली."

"मला वाटलं ठसका लागला," सून म्हणाली. तिचे डोळे ओले होते. "हसण्याचा आवाज ओळखूच आला नाही."

"मी घरात सांगून टाकलंय. हाच टांगायचा. बघतो कोण रडतंय ते! तर आता मला हा मोठा करून हवाय. आणि माझे दोन मित्र आहेत, तेही तोंड पाडून बसलेले असतात दिवसभर. त्यांना घेऊन येतो. पण पडदा हाच हवा. खंड्यावालाच."

मी स्टुलावरून हनुवटीवाल्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. दोघांनाही एकच गोष्ट आठवत होती. गिऱ्हाईक दारात आलं होतं आणि पडदा मागत होतं.

आधी नवरी फिस्स करून हसली. मग नवरा. न्यायाधीशांनी आपला फोटो पुन्हा हातात घेतला, जरा लांब धरला, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. "डोळा मात्र असा आहे याचा," ते म्हणाले, "की एकाही साक्षीदाराचा नव्हता." मुख्याध्यापिका शेवटपर्यंत हसल्या नाहीत, पण पुन्हा फोटो काढायला बसल्या तेव्हा म्हणाल्या, "एक साधा काढा शाळेसाठी. आणि एक असाच राहू द्या. घरी."

"हा पक्षी काढला कुणी?" घड्याळजींनी मान वर करून विचारलं.

मी घसा साफ केला. स्टुलावरच होतो, चांगला उंचावर. हीच ती वेळ होती, जिच्यासाठी कोट आणला होता.

"यांच्या बायकोनं!" सगळे एका सुरात म्हणाले. "आत्ताच सांगितलं यांनी. यांना पक्षी येतच नाहीत."

"तसं नाही," मी म्हणालो. "म्हणजे तसंच, पण शेपटीचं टोक जर नीट बघितलंत..."

कुणी बघितलं नाही. सगळे हिच्याभोवती जमले होते. घड्याळजी तिला विचारत होते, हा खंड्या कुठे भेटला, आणि ती त्यांना कालव्यावरच्या पाइपाबद्दल सांगत होती. मी पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन स्टुलावर एकटाच उभा. स्टूल धरायलाही कुणी उरलं नव्हतं.

घरी जाताना वाटेत मी तिला म्हणालो, "अगं, मघाशी मी जे ओरडलो ना..."

"ऐकलं मी."

"घाबरलो होतो गं."

"माहितीये. तुम्ही घाबरलात की खरं बोलता," ती म्हणाली.

त्या एका वाक्यावर मी देवापुढे बराच वेळ बसलो होतो, मंडळी. काय झालं बघा. दोष आला तेव्हा मी तो उचलून बायकोच्या झोळीत टाकला. टाकला तो टाकला. पाठोपाठ श्रेय आलं, आणि त्यानं विचारलं, मघाशी दोष कुणाकडे गेला? तिकडेच गेलं तेही. देवाचा हिशेब फार सरळ असतो.

मशिनचे नमुने परत गेले. सध्या चौथ्या पडद्याचं काम चालू आहे. तळं मी करतो, खांब मी करतो, स्टूलही मीच धरतो. पक्षी ही काढते. आता खंड्याबरोबर एक पाणकोंबडी आहे, आणि मुलांच्या फोटोंसाठी चोचीत मासा धरलेला बगळा. माशालाही जीव आहे, म्हणून तोही तिच्याकडे. स्टुडिओच्या काचेवर हनुवटीवाल्याने मोठ्या अक्षरांत लिहून घेतलंय, 'येथे खंड्यावाल्या काकूंच्या पडद्यापुढे फोटो काढून मिळतील.' भाची खूश आहे. तिच्या मते हा तिच्या हातून घडलेला सगळ्यात यशस्वी ब्रँड आहे, फक्त माणूस बदलला.

हिला ती म्हणाली, "मामी, आता तुझा एक रंग ठरवू या."

"खंड्या ठरवत बसला होता का?" ही म्हणाली आणि तिने माझा निळा कोट ब्रश पुसायला घेतला.

आणि माझी ओळख? झाली की! परवा बाजारात एका माणसानं मला लांबून पाहिलं आणि बरोबरच्याला म्हणाला, "ते बघ, काकूंचे मिस्टर." लांबून कळलं बरं का! कोट अंगावर नसताना.

आतून खाकरण्याचा आवाज आला, तेव्हा थांबतो. एकच मागणं आहे. कधी फोटो काढायला बसलात आणि मागे तळं दिसलं, तर हनुवटी जरा वर ठेवा, आणि डोक्यावर कुणी वाकून बघतंय असं वाटलं, तर दुधापाशी उभं राहून पावाच्या कागदावर पक्षी काढणाऱ्या त्या बाईची आठवण ठेवा. तिच्या हाताला देवानं दिलेलं कुणाला इतकी वर्षं दिसलं नव्हतं, जवळ असलेल्याला तर मुळीच नाही.

माझी आठवण नाही ठेवलीत तरी चालेल. मात्र अगदीच वेळ असला, तर शेपटीचं टोक बघा. केसभर वर आहे.